चौथ्या वर्षाची बस

सुखदेव ओव्हाळांनी उभ्या नोकरीत स्टॉप सोडून बस कधी थांबवली नाही. हात दाखवा, ओरडा, पत्र्यावर थापा मारा, हा माणूस ढिम्म. येरवड्यातल्या त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात, तेव्हा आपणही आबाच म्हणू. तर या आबांच्या बसमागे एकदा खुद्द त्यांची बायको धावली होती. कडेवर तापाने फणफणलेला छोटा अभय, हातात औषधांची पिशवी, आणि स्टॉप अजून थोडा पुढे. हिराबाईंनी जिवाच्या आकांताने हात केला. आबांनी आरशात पाहिलं, ओळखलं, आणि गाडी शिस्तीत स्टॉपवर नेऊनच उभी केली. हिराबाई धापा टाकत चढल्या तेव्हा स्टिअरिंग धरून, मान न वळवता म्हणाले, "सगळ्यांना एकच नियम."

त्यानंतर ओव्हाळांच्या घरात स्वयंपाक होत राहिला, पण बोलणं बरेच दिवस बंद होतं. अभयच्या डोक्यात आता पांढरे केस आलेत, तरी हिराबाई ही गोष्ट काल दुपारी घडल्यासारखी सांगतात. आणि सांगताना आबांकडे बघतात.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचा छळ करतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ओव्हाळांचं घर वाचलं, कारण आबांनी विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेची किल्ली हातात घेतली. सकाळी उघडायची, संध्याकाळी बंद करायची, आणि मधल्या वेळात दाराशी खुर्ची टाकून बसायचं. चपला रांगेत हव्यात. मोबाइल वाजला की बाहेर. पुस्तकावर डोकं टेकवून कुणी पेंगला तर आबा जवळ जाऊन हळूच विचारणार, "साहेब, उशी आणू का?" पोरं त्यांना टरकून असत. पण परीक्षेच्या दिवसांत हेच आबा घरून चहाचा थर्मास आणत आणि पेपरला निघालेल्या प्रत्येकाला दारात अडवून विचारत, "पाणी घेतलंस? पेन दोन घेतलेस?" वडील अचानक गेले म्हणून आबांची शाळा नववीत सुटली होती. त्या पोरांच्या पुस्तकांतलं त्यांना फारसं कळत नसे. वाचणाऱ्यांच्या सोबतीला बसायला मिळतं, एवढ्यावर ते खूश होते.

घरात मात्र अजून पदवीधर कुणी नव्हता. अभय बारावीनंतर नोकरीला लागला. आता तो खराडीच्या एका आयटी पार्कात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. सून शर्मिला नर्स, तिच्या ड्युट्या सदा उलट्यासुलट्या. तेव्हा आबांचा सगळा जीव नातीत, सृष्टीत. सृष्टीने बी.एस्सी.ला बॉटनी घेतली, आणि घरातल्या कुणाला त्याचं काय करायचं ते समजेना. एकदा तिने आजीच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल उचललं आणि भिंग घेऊन खिडकीशी जी बसली, ती उठेचना. हिराबाई कढई तापवून खोळंबल्या.

"अगं, मसाल्याचं आहे ते! त्यात काय बघतेस?"

"आजी, ही एक वस्तू नाहीये. यात दोन जीव एकमेकांना धरून राहतात. आणि हवा खराब झाली ना, की पहिलं हे मरतं."

"बरं, ते मरायच्या आत दे इकडे, माझं तेल जळतंय," हिराबाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून दगडफूल टाकताना त्याही एकदा उलटसुलट करून बघू लागल्या.

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला. सृष्टी झकास गुणांनी पास झाली होती. आबांनी फोनवर एवढं ऐकलं आणि ते जे घरातून बाहेर पडले, ते संध्याकाळी चौकात फ्लेक्स चढवूनच परतले. केवढा तो फ्लेक्स! सृष्टीच्या आधार कार्डावरच्या फोटोला काळा झगा आणि काळी टोपी घातलेली. वर ठसठशीत अक्षरांत "आमच्या कुटुंबातील पहिली पदवीधर!" आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मधोमध आबा, केस नीट विंचरून, डोळे वटारून. छापणाऱ्याने त्यांना तिच्यापेक्षा मोठं केलं होतं, त्याबद्दल आबांची काही तक्रार नव्हती.

आता झालं होतं काय, ते सांगायला हवं. निकाल लागला त्याच दिवशी सृष्टीच्या बॉटनीच्या मॅडमनी, तरन्नुम शेख मॅडमनी, तिला बोलावून घेतलं होतं. पदवी हल्ली चार वर्षांची झाली आहे. तिसऱ्या वर्षानंतर थांबायचं तर पदवी घेऊन थांबता येतं, पण चांगले गुण असलेल्यांना चौथं वर्ष ऑनर्सचं करता येतं, आणि त्यात वर्षभर स्वतःचं संशोधन करता येतं. मॅडमकडे संशोधनाच्या जागा थोड्या. त्यातली एक त्यांनी सृष्टीसाठी धरून ठेवली होती. पोरगी उड्या मारत घरी निघाली आणि चौकात तिला तो फ्लेक्स दिसला. खाली आबा पेढे वाटत उभे होते. "या पदवीधर मॅडम!" म्हणून त्यांनी तिच्या तोंडात पेढा कोंबला. तोंडातला शब्द पेढ्याबरोबर गेला तो गेलाच.

त्यातून अभय दोन दिवसांनी हसत हसत घरी आला. त्याच्या इमारतीतल्या एका कंपनीत त्याने साहेबांशी बोलून सृष्टीचं काम पक्कं केलं होतं. ग्राहकांच्या फोनना उत्तरं द्यायची नोकरी. सगळ्यांना केवढा आनंद झाला. सृष्टीही हसली.

जुलै लागला, नवं सेमिस्टर सुरू झालं, आणि सृष्टी रोज सॅक अडकवून कॉलेजला जाऊ लागली. विचारलं की म्हणायची, "सर्टिफिकेटचं काम आहे." मॅडमनी तिला सांगितलं होतं, "आधी येऊन बस, बघ, मग ठरव. पण शनिवारी बारापर्यंत हो की नाही ते कळव, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल." खराडीची नोकरी त्याच्या पुढच्या सोमवारपासून होती.

यातलं अक्षरही घरी ठाऊक नव्हतं. आणि गल्लीला तर काय, रिकामी जागा दिसली की ती भरायचीच असते. आमचे रंगनाथ म्हणजे त्या बाबतीत अगदी अधिकारी पुरुष. महापालिकेतून निवृत्त झालेले, दिवसभर चौकातल्या बाकावर. त्यांनी गुरुवारी सकाळी आबांना गाठलं.

"जय भीम, ओव्हाळ. नातीचं कॉलेज अजून चालूच वाटतं?"

"जय भीम. सर्टिफिकेटचं काम आहे."

"अच्छा. रोज?" रंगनाथांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा आबांकडे. "नाही, छान आहे हो फ्लेक्स. रंग पक्के आहेत. निकालसुद्धा पक्का असेल म्हणा."

आबा तडक अभ्यासिकेकडे चालू लागले. पण खुर्चीत बसूनही रंगनाथांचं ते 'रोज?' डोक्यातून जाईना. तीन वर्षं संपली की पदवी, एवढं त्यांना माहीत होतं. चौथ्या वर्षी कॉलेजात कोण जातं? ज्याचा विषय राहिला तो जातो. त्यांच्या अभ्यासिकेत अशी पोरं होतीच, घरी पास झालो सांगून गुपचूप राहिलेल्या विषयाची तयारी करणारी. अशा पोरांचे चेहरे आबांना लांबून ओळखू येत, आणि गेले काही दिवस सृष्टीचा चेहरा तसाच होता. हसायची, पण जेवताना भात चिवडत बसायची.

रागावले असतील असं वाटेल. छे! आबांना रडू आलं. पोरीचा विषय राहिला, आणि आपण चौकात ढोल पिटला. सांगणार कुणाला बिचारी? ज्याला सांगायचं, तोच तिथे डोळे वटारून लटकतोय.

शुक्रवारी दुपारी ते कुणाला न सांगता इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात गेले. विचारत विचारत बॉटनीच्या विभागात पोचले. तरन्नुम मॅडम डबा उघडून नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या.

"मी सृष्टी ओव्हाळचा आजोबा. जेवा आपण, मी उभ्यानेच सांगतो. पोरगी कुठल्या विषयात राहिली तेवढं सांगा. घरी तिला कुणी बोलणार नाही, मी बोलू देणार नाही. शिकवणी लावायची तर लावू. फक्त ती घाबरली आहे, तिला तुम्ही जरा सांभाळून घ्या."

मॅडमचा घास हातातच राहिला. "सृष्टी? राहिली? अहो आजोबा, आपली नात मला सुखाने डबा खाऊ देत नाही, इतके प्रश्न विचारते. नापास व्हायला वेळ कुठे आहे तिला? आपण आधी बसा."

आबा बसले. जीव भांड्यात पडला खरा, पण डोक्यात काही शिरेना. मग मॅडमनी डबा बाजूला सारला आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं, चौथं वर्ष म्हणजे काय, ऑनर्स म्हणजे काय, त्यानंतर एम.एस्सी. एकाच वर्षात कशी होते. मग म्हणाल्या, "चला, दाखवतेच." प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक टेबल होतं. त्यावर सूक्ष्मदर्शक, शेजारी सृष्टीचं ते जुनं भिंग.

"हे तिचं टेबल. वर्षभर दुसरं कुणी बसणार नाही इथे. अडलं की विचारायला एम.एस्सी.ची एक मुलगी तिच्या जोडीला दिली आहे. आमच्याकडे वाळवलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे, तो लावायचं काम 'कमवा आणि शिका'मधून तिला देता येईल, म्हणजे घरावर भार नको. विषय तिचा तिनेच निवडलाय. येरवड्यापासून खराडीपर्यंत रस्त्याकडेच्या कुठल्या झाडांवर दगडफूल टिकलंय आणि कुठे मेलंय. आणि मी आहेच. मी इथेच शिकले, तेव्हा असं कुणी टेबल दिलं नव्हतं मला. म्हणून मी देते."

आबांनी टेबलावरून हात फिरवला. "मग ती हो का म्हणत नाही?"

मॅडम जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "सांगते, पण आपण वाईट वाटून घेऊ नका. तिने मला फ्लेक्सचा फोटो दाखवला. म्हणाली, मॅडम, आबांनी अख्ख्या येरवड्याला सांगितलंय की मी शिकून मोकळी झाले. आता मी पुन्हा कॉलेजला निघाले तर लोक म्हणणार नापास झाली. मला म्हणू देत. पण ते आबांना हसतील, आणि ते मला सहन होणार नाही. उद्या येऊन ती नाही सांगणार आहे."

आबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि पुसतच राहिले. एवढीशी पोरगी, आणि आपली अब्रू सांभाळत बसली होती. ते उठले, "तुमचं जेवण राहिलं" म्हणाले आणि बाहेर पडले. चपला घालायच्या राहिल्या म्हणून जिन्यावरून परत आले.

संध्याकाळी अभ्यासिकेची किल्ली त्यांनी मुद्दाम सृष्टीकडे दिली, तिला बसवून घरी आले आणि अभय आल्या आल्या सगळं सांगितलं. अभय अजून युनिफॉर्ममध्येच होता. ऐकून तो बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिला.

"बाबा, मी साहेबांना शब्द दिलाय."

"मला कळतं रे."

"नाही कळत." अभयचा आवाज चढला, मग उतरला. "मी रोज त्या गेटवर उभा असतो. तिच्याच वयाची पोरंपोरी येतात, गळ्यातलं कार्ड टेकवतात, दार उघडतं, आत जातात. कुणी गुड मॉर्निंग म्हणतं, कुणी तेही नाही. मी काही मागत नाही कुणाकडे. फक्त एकदा बघायचंय, माझी पोरगी कार्ड टेकवतेय आणि दार उघडतंय. बस."

हिराबाईंनी पदर डोळ्याला लावला. पोराचं काही चुकत नव्हतं.

"चूक माझी आहे," आबा म्हणाले. "मला वाटलं, पोचलो. मोठ्या घाईने सगळ्यांना खाली उतरवलं. पोरीला पुढे जायचं होतं, ते विचारलंच नाही."

अभय उठून आंघोळीला गेला. जेवताना सृष्टी आली, म्हणाली, "उद्या शेवटचं जाऊन येते हं कॉलेजला. मग सोमवारी खराडी!" आणि इतकी छान हसली की आबांना ते बघवेना. बोलावंसं वाटलं त्यांना. पण ते ओळखून होते. बोललो तर ही म्हणणार, नाही हो आबा, मला नोकरीच हवीय. आणि तसंच हसत राहणार. म्हणून त्यांनी खाली मान घालून ताटातली भाकरी संपवली.

शनिवारी सकाळी सृष्टी सॅक घेऊन बसला निघाली. ती वळणावर दिसेनाशी झाल्याबरोबर आबांनी विहारातली शिडी खांद्यावर घेतली आणि चौकात आणून फ्लेक्सच्या खांबाला लावली. भर सकाळची वेळ. दूधवाला, भाजीवाली, शाळेची पोरं, आणि बाकावर अर्थातच रंगनाथ.

"ओव्हाळ! अहो, उतरवताय? म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच खरं की काय?"

भाजी घेणाऱ्या बायकांनी कान टवकारले. आबा शिडीच्या वरच्या पायरीवर होते. एरवी या माणसाने नाकावर माशी बसू दिली नसती. ऑनर्स, संशोधन, दगडफूल, सगळं ऐकवलं असतं. पण मग पुन्हा तोच ढोल. पोरीने अजून हो म्हटलेलं नाही, आणि आपण पुन्हा तिच्या आधी चौकात.

"काय म्हणायचं ते म्हणा रंगनाथराव," ते म्हणाले. "माझी नात अजून शिकतेय. एवढंच."

दोरीची एक गाठ सुटली. फ्लेक्सचा कोपरा लोंबला, काळी टोपी दुमडली. दुसऱ्या गाठीला हात पोचेना. आबा टाचा उंचावून वाकले आणि शिडी सरकली. पण शिडी पडली नाही. खाली कुणीतरी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

अभय होता. युनिफॉर्म घातलेला, ड्युटीला निघालेला, स्कूटर रस्त्यात तशीच उभी.

"सावकाश," तो वर न बघता म्हणाला. "डाव्या हाताची गाठ आधी सोडा. आणि सोमवारचं मी बोलतो साहेबांशी. एक वर्षाने कार्ड घेईल म्हणावं. दार कुठे पळून चाललंय?"

बस अजून आलीच नव्हती, आणि चौकापलीकडच्या स्टॉपवर उभ्या असलेल्या सृष्टीने हे सगळं पाहिलं. आधी फ्लेक्स खाली येताना, मग शिडीवरचे आबा, मग शिडी धरलेले पप्पा. ती रस्ता ओलांडून धावत आली. "आबा! खाली उतरा आधी! काय करताय हे? लोक काय म्हणतील तुम्हाला?"

आबा खाली उतरले. फ्लेक्सची गुंडाळी काखेत, कपाळाला धूळ. "लोकांचं मी बघतो. तू बारा वाजायच्या आत मॅडमना काय सांगायचं ते सांग. मी काल जाऊन आलो, तुझं टेबल बघून आलो. खिडकीजवळ आहे, उजेड चांगला येतो."

सृष्टी त्यांच्याकडे बघत राहिली. मग पप्पांकडे. अभयने नुसती मान हलवली. आणि पोरगी जी रडायला लागली, ती थेट लहानपणीसारखी, नाक ओढत, चौकाची पर्वा न करता. आबांनी तिला जवळ घेतलं. भाजीवालीने मेथीची जुडी तशीच हातात धरून ठेवली होती.

एवढ्यात बस आली. स्टॉपवर थांबली, दोघं चढले, आणि निघाली. पुढची कधी आली असती, ते आबासुद्धा सांगू शकले नसते. सृष्टी म्हणाली, "गेली!"

आबांनी गुंडाळी अभयच्या हातात कोंबली आणि ते रस्त्यात उतरले. चौकाच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, उभे. बस करकचून थांबली. तरुण ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ काका! मरायचंय का? स्टॉप मागे आहे, दिसत नाही?"

"दिसतंय," आबा म्हणाले. "जन्मभर तेच बघत आलोय. पोरीला कॉलेजला जायचंय. दार उघड."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. काय दिसलं त्याला कोण जाणे, पण दार उघडलं. सृष्टी चढली. खिडकीतून तिने हात बाहेर काढला, आबांच्या हाताला लागेपर्यंत वाकली, आणि बस गेली.

आबा वळले तर फुटपाथवर हिराबाई उभ्या. हाताला मसाला लागलेला तसाच, बहुधा आरडाओरड ऐकून धावत आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. डोळे भरले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"माझ्यासाठी नाही थांबवलीत कधी," त्या म्हणाल्या.

आबा त्यांच्याजवळ गेले. इतक्या वर्षांत या विषयावर ते एक शब्द बोलले नव्हते.

"थांबवायला हवी होती," ते म्हणाले.